छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बसतो त्या औषधाच्या दुकानात हे प्रश्न रोज येतात. विचारणारे कधी पूर्व भागातले लूमवर काम करणारे असतात, कधी जुळे सोलापुरातले निवृत्त मास्तर, कधी कारखान्यात विड्यांचा माल देऊन घरी निघालेल्या मावशी. मागे रांग असते, त्यामुळे काउंटरवर उत्तर अर्धंच दिलं जातं. इथे जरा सवडीने लिहिलं आहे. ही माहिती आहे, तपासणी नाही. गोळी सुरू करायची की थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येतं, म्हणजे आत नेमकं काय होतं?

जठरात रोज दीड-दोन लिटर पाचक रस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, चांगलं जहाल. जठराला त्याचा त्रास होत नाही, कारण आतून चिकट, बुळबुळीत थराचं अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. ती साधारण २५ सेंटीमीटरची नळी, काम एकच, घास खाली पोचवणं. नळी आणि जठर जिथे जुळतात तिथे स्नायूंचं एक कडं असतं. बटव्याच्या नाडीसारखं ते घास आला की सैल होतं आणि घास उतरला की आवळतं. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटलही त्याच जागी बाहेरून दाब देतं. अशी ही दुहेरी झडप. ती नको त्या वेळी सैल पडली की जठरातलं आम्ल, कधी अन्नासकट, वर चढतं आणि उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे आग होते.

जड जेवणानंतर असं कधीतरी सगळ्यांनाच होतं, तो आजार नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागलं, झोप मोडू लागली किंवा अन्ननलिकेला सूज आली, की डॉक्टर त्याला ‘जीईआरडी’ म्हणतात. चिठ्ठीवर ही चार अक्षरं दिसली तर घाबरायचं कारण नाही.

म्हणजे माझ्या पोटात ॲसिड जास्त तयार होतं, असंच ना?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. हा गैरसमज इतका मुरलाय की सांगूनही पटत नाही. आम्ल असतं तेवढंच असतं, फक्त ते नको त्या जागी जातं. दोष असतो झडपेचा आणि वेळेचा.

मग गोळीने बरं कसं वाटतं? गोळी आम्ल कमी करते, त्यामुळे वर येणाऱ्या पाण्याची धार बोथट होते. वर येणं मात्र थांबत नाही. म्हणूनच काही जण सांगतात, ‘जळजळ गेली ओ, पण वाकलं की पाणी अजून येतंच.’ त्यांची गोळी नीट काम करतेय. झडप दुरुस्त करणं हे तिचं कामच नाही.

झडप सैल पडते तरी कशामुळे?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे ताणलेलं जठर. पोट तट्ट भरलं की वरच्या भागातून मेंदूला संदेश जातो आणि झडप काही सेकंद आपोआप उघडते. हवा बाहेर पडावी म्हणून ही निसर्गाचीच सोय आहे, ढेकर त्यातूनच येतो. पण वर अन्न आणि आम्ल तुडुंब असेल तर हवेबरोबर तेही निघतं. एका बैठकीत जेवढं जास्त, तेवढ्या जास्त वेळा ही उघडझाप.

तेलकट-तुपकट जेवणाने दोन गोष्टी होतात. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि झडपही सैलावते. तंबाखूतलं निकोटीन, दारू, चॉकलेट आणि पुदिना हेही झडप ढिली करतात. पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो. घट्ट पट्टा किंवा परकराची करकचून बांधलेली नाडीसुद्धा तेच करते. काहींच्या श्वासपटलातलं भोक रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात. मग दुहेरी झडपेचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात आणि पकड जाते. वयाबरोबर हे वाढतं.

मधुमेह जुना असेल तर जठराच्या नसा मंदावतात आणि अन्न तासन्‌तास तिथेच पडून राहतं. वजन आणि साखरेसाठी हल्ली सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं घेतली जातात. तीही जठर हळू रिकामं करतात. ती सुरू केल्यावर आंबट ढेकर वाढले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.

पित्त, ॲसिडिटी आणि गॅस एकच का?

बोलताना एकच, शरीरात वेगवेगळं. आम्ल जठरात तयार होतं. पित्तरस यकृतात तयार होतो आणि तो हिरवट-पिवळा, कडू असतो. अंगावर गांधी उठतात तेही आपण ‘पित्त’ म्हणतो, पण ती ॲलर्जी असते आणि तिच्यावर पोटाची गोळी लागू पडत नाही. अर्धं डोकं दुखून उलटी झाल्यावर बरं वाटतं, तेही ‘पित्त’. ती बहुतेकदा मायग्रेन असते. म्हणून दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ एवढ्यावर थांबू नका. जळतंय, मळमळतंय, खाजतंय की डोकं धरलंय, ते सांगा.

शेंगाचटणी सोडावी लागेल का?

हा खास आपल्या गावचा प्रश्न, आणि विचारताना माणसाचा चेहरा पाहवत नाही.

आधी मिरचीचं पाहू. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे आग जाणवते, कारण उष्णता टिपणाऱ्या मज्जातंतूंनाच ते चेतवतं. मिरचीने आम्लाचं उत्पादन वाढतं असं काही नाही. पण अन्ननलिका आधीच सोलवटलेली असेल तर तिथे ती झोंबते, जखमेवर झोंबावी तशी. लहानपणापासून तिखट खाणाऱ्याला ती कमी झोंबते, हेही खरं. म्हणजे तिखटाने दुखणं वाढल्यासारखं वाटतं, पण दुखण्याचं मूळ तिखट नसतं.

आता शेंगदाण्याचं. शेंगदाण्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेल असतं. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी, वर पुन्हा कच्च्या तेलाची धार, आणि ती ‘चटणी’ न राहता भाजीच्या जागी वाटीभर. आपण दोष देतो मिरचीला, गोंधळ घालतं तेल आणि प्रमाण. चमचाभर चटणी, ज्वारीची भाकरी, कांदा आणि ताक, हे जेवण बहुतेकांना सोसतं. ज्वारीच्या भाकरीत चोथा चांगला असतो आणि चोथायुक्त आहार घेणाऱ्यांना जळजळीचा त्रास तुलनेने कमी होतो असं दिसतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कौतुकं उगाच होत नाहीत. कडक भाकरीचंही काही वाकडं नाही, फक्त नीट चावा किंवा आमटीत भिजवून खा.

मटणाच्या रश्श्यावरची तर्री, बाजार आमटीचा लाल तवंग, शेंगापोळीवरचं तूप यांनाही हाच हिशेब लावा. तवंग बाजूला सारून खाल्लं तर कितीतरी जणांना फरक पडतो. चव थोडी कमी होते, ते कबूल.

प्रत्येकाला सोसणारे आणि न सोसणारे पदार्थ वेगळे असतात. कुणाला टोमॅटो चालत नाही, कुणाला चहा, कुणाला कच्चा कांदा. दुसऱ्याची यादी घेऊन स्वतःचं ताट रिकामं करू नका. दोन-तीन आठवडे काय खाल्लं, किती वाजता आणि मग काय झालं, हे वहीत लिहा. त्यातून गुन्हेगार सापडतो आणि बरेचदा तो पदार्थ नसतोच, घड्याळ असतं.

दिवसा बरा असतो, रात्री झोपलं की घशाशी येतं. असं का?

उभं किंवा बसलेलं असताना वर आलेलं आम्ल वजनाने खाली जातं. आपण अधूनमधून आवंढा गिळतो आणि क्षारयुक्त लाळ उरलेलं आम्ल पुसून काढते. झोपेत तिन्ही सोयी बंद होतात. माणूस आडवा असतो, गिळणं जवळजवळ थांबतं आणि लाळ अगदी कमी होते. मग वर आलेलं आम्ल तिथेच रेंगाळतं. दिवसातल्या दहा वेळच्या जळजळीपेक्षा रात्रीची एक अन्ननलिकेला महाग पडते.

आपल्याकडे याला कामाच्या पाळ्या कारण आहेत. दुसरी पाळी करून लूमवरून रात्री घरी येणारा माणूस दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण मध्यरात्री घेतो आणि लगेच पाठ टेकतो. एमआयडीसीत, हॉटेलात, रिक्षावर असणाऱ्यांचंही तेच. उन्हाळ्यात तर सगळ्या गावाचं घड्याळ पुढे सरकतं. पारा बेचाळीसच्या वर असताना संध्याकाळी कुणाला भूक लागते? गच्चीवर वारा सुटला की साडेदहा-अकराला जेवण आणि तिथेच अंथरूण. उन्हामुळे पित्त होतं असं आपण म्हणतो. ऊन बिचारं थेट काही करत नाही.

उपाय साधे आहेत, पाळायला कठीण. जेवण आणि झोप यांच्यात दोन ते तीन तास ठेवा. पाळीवाल्यांना हे जमत नाही, मग मोठं जेवण पाळीला जाण्याआधी घ्या, पाळीच्या मधल्या सुट्टीत डबा खा आणि घरी आल्यावर हलकं काहीतरी, ताकभाताएवढंच.

झोपताना डावी कूस घ्या. जठराची ठेवण अशी की डाव्या कुशीवर आम्ल झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर ते थेट झडपेशी येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचला. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही. त्यात मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब वाढतो. खाली अंथरूण घालणाऱ्यांनी गादीखाली कमरेपासून वर चादरींच्या घड्यांचा उतार करावा. सोलापुरात चादरींना काय तोटा!

विड्या वळायला बसलं की दुपारी जास्त जळजळ होते. बैठकीचा संबंध आहे का?

आहे. मांडीवर सूप, पुढे झुकलेली पाठ, पोट दुमडलेलं आणि हे जेवणानंतर सलग काही तास. दुमडलेल्या पोटात दाब वाढतो आणि वाट वरच्या बाजूने मोकळी असते. जेवल्यावर तासभर तरी उभ्याने किंवा ताठ बसून करायची कामं काढा, पानं कापायचं काम भिंतीला टेकून करता येतं. सूप थोडं उंच ठेवलं, खाली पाट घेतला, तरी पाठ कमी वाकते. दुपारचं जेवण दोन वेळात विभागलं तर आणखी चांगलं. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, उठायला परवडत नाही, हे ठाऊक आहे. पण सांगणं भाग आहे.

लूमवर बीम उचलणाऱ्यांनी, पोती वाहणाऱ्यांनीही भरल्या पोटी वजन उचलू नये. कारण तेच.

मी सिगारेट-विडी ओढत नाही, फक्त मिश्री लावते. ती पण का?

तीसुद्धा. तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीत निकोटीन असतंच आणि हिरड्यांतून ते रक्तात जातं. मावा, तंबाखू-चुना यांचंही तसंच. निकोटीन झडप ढिली करतं. धूर ओढणाऱ्यांची लाळही आम्ल विझवायला कमी पडते. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणाऱ्या आजी भेटतात. सवयीचं आतडं निकोटीनला प्रतिसाद देतं, एवढंच. गोळ्यांवर वर्षानुवर्षं खर्च करून मिश्री चालू ठेवणं मला तरी उलटा हिशेब वाटतो.

एकादशीला, नवरात्रात, रोज्यात त्रास वाढतो. उपाशी राहिल्यामुळे का?

उपाशी राहिल्यापेक्षा उपवास सोडण्याच्या पद्धतीने जास्त. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी घराघरात. दिवसभर नुसता चहा, संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, तीत पुन्हा शेंगदाण्याचं कूट आणि तूप, वर बटाट्याचे तळलेले वेफर्स. रिकाम्या जठरात चहा जळजळतो आणि रात्री तेलकट डोंगर येतो. भगर आणि ताक, राजगिरा, केळं, भाजलेलं रताळं थोडं-थोडं तीन वेळा घेतलं तर उपवासही घडतो आणि रात्रही बरी जाते.

रोजा सोडताना खजूर आणि पाणी घेऊन थोडं थांबा, नमाजनंतर साधं जेवण घ्या. तळलेल्याचं ताट एकदम नको. सहरीनंतर लगेच झोपण्याची सवय रात्री उशिरा जेवून झोपण्याइतकीच वाईट. मधुमेही किंवा अल्सर झालेल्यांनी उपवास-रोज्याआधी डॉक्टरांना विचारावं.

थंड दूध, सोडा, फ्रूट सॉल्ट, जिरं, पुदिना… घरगुती काय चालतं?

थंड दूध प्यायल्यावर काही मिनिटं गार वाटतं. मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. कधीतरी कपभर ठीक, झोपताना मोठा पेला नको.

फ्रूट सॉल्ट किंवा खाण्याचा सोडा आम्लाशी लगेच भिडतो आणि त्यातून वायू सुटतो. ढेकर येतो, हलकं वाटतं. पण वायूने जठर फुगतं, आणि फुगलेलं जठर झडप उघडतं हे वर पाहिलंच. शिवाय त्यात सोडियम भरपूर. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी रोज घेऊ नये. गड्ड्याच्या जत्रेतून रात्री भजी-भेळ खाऊन आल्यावर वर गोटी सोडा मारणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

पुदिन्याच्या गोळ्या गॅससाठी घेतात, आतड्याच्या मुरड्याला त्या बऱ्या. जळजळ असेल तर मात्र पुदिना झडप आणखी ढिली करतो. जिऱ्याचं पाणी, बडीशेप, पातळ ताक कुणाला बरं वाटत असेल तर खुशाल घ्या. ॲपल सायडर व्हिनेगरचं फॅड मात्र समजत नाही. आगीवर आम्ल ओतून काय मिळणार?

जेवणानंतर शतपावली उत्तम. वज्रासनात बसायला हरकत नाही, पाठ ताठ राहते. पुढे वाकायची आसनं भरल्या पोटी नकोत. पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव, म्हणजे श्वासपटलाचा व्यायाम, काही रुग्णांना उपयोगी पडल्याचं दिसलं आहे, कारण झडपेचा बाहेरचा आधार तेच आहे. आणि वजन जास्त असेल तर ते थोडंसं उतरवण्याइतका परिणाम दुसऱ्या कुठल्याच घरगुती उपायाचा नाही.

सकाळी उपाशीपोटीच ती गोळी का घ्यायची?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही एकाच कुळातली औषधं. पहिलं, ओमेप्राझोल, १९८८ मध्ये बाजारात आलं. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ही औषधं ते पंप बंद करतात. पण चालू असलेल्या पंपावरच त्यांचा जोर चालतो, आणि पंप चालू होतात जेवणामुळे. म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे खाणं पोचेपर्यंत औषध रक्तात हजर असतं.

गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहणारे आणि जळजळ सुरू झाल्यावर तेवढ्यापुरती गोळी टाकणारे, दोघांनाही पूर्ण गुण येत नाही. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. आता जळतंय आणि आता थांबायला हवं, तर त्याचं काम पातळ अँटासिडचं. त्यातल्या ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतं आणि मॅग्नेशियमने जुलाब, म्हणून बाटलीत दोन्ही मिसळलेली असतात. अल्जिनेट असलेलं औषध जठरातल्या अन्नावर तरंगता थर तयार करतं, ते जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं.

नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असलेल्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोनही असतं. ते मळमळीसाठी असतं आणि काही जणांत हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती मागू नका. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची असतात. चिठ्ठी मागितली की राग येतो, पण नियम तुमच्यासाठीच आहे.

पूर्वी सर्रास चालणारी रॅनिटिडिन आठवत असेल. तिच्यात एनडीएमए हे कर्करोगाशी जोडलं गेलेलं द्रव्य सापडल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला सांगितली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती २०२२ मध्ये वगळली गेली. त्याच गटातली फॅमोटिडिन आता वापरली जाते.

ही गोळी किती दिवस घ्यायची? मला तर पाच वर्षं झाली.

जळजळीसाठी साधारण चार ते आठ आठवडे देतात, मग कमी करून पाहतात. अन्ननलिकेला मोठी जखम, बॅरेट (म्हणजे आम्ल लागून तिचं अस्तर बदलणं) किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर जास्त काळ लागू शकते, आणि तेव्हा ती बंद करणंच धोक्याचं. बाकीच्यांची पाच वर्षं बहुतेकदा कुणी थांबवली नाही म्हणून झालेली असतात.

दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या शरीरात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं, आतड्याचे संसर्ग वाढू शकतात, हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढल्याचंही नोंदलं गेलंय. गरज असणाऱ्यासाठी फायदा यापेक्षा मोठा असतो. एकदम बंद केली तर दबलेले पंप उसळी मारतात आणि काही दिवस आधीपेक्षा जास्त जळतं. मग माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय चालतच नाही.’ म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची, आणि सोबत रात्रीच्या जेवणाची वेळ सुधारायची. नुसती गोळी उतरवून काही होत नाही.

दुसऱ्या कुठल्या गोळीमुळे हे होत असेल का?

होतं. अंगदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या आणि ॲस्पिरिन जठराच्या अस्तरावर घाव घालतात. लूमवर दिवसभर उभं राहणारे आणि पाठ दुखणाऱ्या विडी कामगार बायका या गोळ्या चण्यासारख्या खातात. इथे नुसती जळजळ नाही, अल्सर फुटून रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतं. पोटाच्या दृष्टीने पॅरासिटामॉल सौम्य. बीपीची ॲम्लोडिपिन आणि हृदयाची नायट्रेट झडप सैलावतात, पण त्या स्वतः बंद करायच्या नाहीत, डॉक्टर पर्याय पाहतात. डॉक्सिसायक्लिन आणि हाडांची ॲलेन्ड्रोनेट या गोळ्या नळीत अडकल्या तर तिथेच जखम करतात. पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका.

ॲसिडिटी आहे की हार्ट अटॅक, कसं ओळखायचं?

घरी खात्रीने ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरसुद्धा ईसीजी आणि रक्ततपासणीशिवाय सांगत नाहीत. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, घाम फुटणं, दम लागणं, चालल्यावर वाढणं, यातलं काही असेल तर अँटासिड पिऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मधुमेही आणि बायकांमध्ये अटॅकचं दुखणं नुसतं मळमळ, थकवा आणि ‘गॅस’ म्हणूनही येतं. रात्री दोन वाजता ‘गॅसच असेल’ म्हणत घरच्यांनी ओवा चोळत बसणं, हे मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. ईसीजी नॉर्मल निघाला तर तेवढे पैसे वाया गेले असं समजू नका.

एंडोस्कोपी कधी करायची? फार त्रास होतो का?

एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून पाहणं. गिळताना अडकणं किंवा दुखणं, न ठरवता वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होणं, सतत उलट्या होणं. यातलं एकही लक्षण असेल तर गोळ्यांवर दिवस काढू नका. रक्ताची उलटी किंवा काळी शी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आहेच. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. पूर्ण कोर्स नीट घेऊनही जळजळ राहिली तरीही तपासणी लागते.

सहा ते आठ तास उपाशी राहून जायचं. घशावर बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात. काही मिनिटांचं काम. उमासे येतात, पण लोक सांगतात तेवढं भयंकर नसतं. गुंगी घेतली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी न्या. एंडोस्कोपीत सगळं साफ दिसलं तरी आम्ल वर येत असू शकतं. अशा वेळी नाकातून बारीक नळी किंवा सेन्सर बसवून २४ तास आम्ल मोजण्याची तपासणी असते.

छातीत जळजळ नाही, पण खोकला आणि आवाज बसणं. तेही यामुळेच?

असू शकतं. आम्ल घशापर्यंत गेलं की कोरडा खोकला, सकाळी घोगरा आवाज, दातांची झीज, दमा बळावणं असं होतं. पण प्रत्येक खोकल्याला ॲसिडिटीचं लेबल लावू नका. लूमवरच्या कापसाच्या धुळीने आणि तंबाखूच्या भुकटीनेही खोकला येतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर आधी क्षयाची तपासणी.

गरोदरपणात आणि लहान बाळांना होतं ते?

गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैलावते आणि वाढतं गर्भाशय खालून दाबतं. बाळंतपणानंतर बहुधा जातं. थोडं-थोडं खाणं आणि उशीकडची बाजू उंच ठेवणं आधी, औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच. बाळ दूध गाळतं, पण हसतंय, वजन वाढतंय, तर काळजी नको, वर्ष-दीड वर्षात थांबतं. हिरवी उलटी, जोराची उलटी किंवा वजन न वाढणं असेल तर बालरोगतज्ज्ञ.

एच. पायलोरी नावाचा जंतू निघालाय. जळजळ त्याच्यामुळेच का?

हा जंतू जठरात राहतो आणि अल्सरचं मोठं कारण आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना याच शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन पाहिलं होतं! घशाशी येण्याचं कारण मात्र सहसा तो नसतो. निघाला असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, पण त्याने जळजळ जाईलच असं धरून चालू नका. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करताना पंप बंद करणारी गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट येतो.

यातून कॅन्सर होतो का?

फार वर्षं आम्ल लागून काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. त्यातल्याही फार थोड्यांना, वर्षाला शंभरात एकापेक्षा कमी जणांना, कर्करोग होतो. पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, धूम्रपान करणारे पुरुष यात पुढे. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग जास्त आढळतो तो मात्र दुसऱ्या प्रकारचा आणि त्याचं नातं तंबाखू-दारूशी आहे. जळजळीला घाबरणाऱ्याने आधी खिशातली पुडी बाहेर काढावी.

ऑपरेशनने कायमचं बरं होतं म्हणे?

जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात, याला फंडोप्लिकेशन म्हणतात. आता दुर्बिणीतून होतं. हर्निया मोठा असेल किंवा औषधाने जळजळ थांबूनही पाणी वर येतच असेल, त्यांच्यासाठी चांगलं. नंतर काहींना गिळताना अडकतं, ढेकर येत नाही, पोट फुगतं, आणि काही वर्षांनी काहींना पुन्हा गोळी लागतेच.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, अंगदुखीच्या आणि आयुर्वेदिक पुड्यांसकट. आठवड्यातून किती रात्री झोप मोडते, रात्री किती वाजता जेवता आणि किती वाजता आडवे होता, तंबाखू कुठल्या रूपात, गेल्या सहा महिन्यांत वजन किती बदललं, हे कागदावर लिहून न्या. जुने रिपोर्ट असतील तर एंडोस्कोपीचा फोटो असलेला कागद वर ठेवा. आणि ‘पित्त’ म्हणण्याऐवजी कुठे जळतं तिथे हात ठेवून दाखवा.